मोकळी खुंटी

संध्याकाळ झाली की मावशी विचारते, “मी निघाले ना गं भाईर?”

घरात जो जवळ असेल तो सांगतो, “निघालीस.” ती मान हलवते आणि गॅसजवळ पाट ओढून बसते. भाजी फोडणीला पडते, भाकऱ्या होतात, शेजारच्या घरातली मालिका सुरू होऊन संपते. मग पुन्हा, “निघाले ना?” आवाजात भीती अजिबात नसते. एसटीत बसल्यावर माणूस शेजारच्याला विचारतं ना, तिकीट घेतलं का आपण, तसं विचारते. म्हणूनच ते ऐकवत नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आई तिला अजून बारकी म्हणते. मागच्या द्राक्षाच्या सीझनपासून ती आमच्याकडे, आडगावला राहते. नाशिकचा एप्रिल कसा असतो ते वेगळं सांगायला नको. त्या एप्रिलमध्ये ही बाई बाबांचा स्वेटर घालून बसायची. फ्रिज घुरघुरायला लागला की उठून दुसऱ्या खोलीत जायची. शेवटी आम्ही फ्रिज बंद करून टाकला. दूध नासायला लागलं. बाबा सातपूरहून ड्यूटी करून येतात, त्यांना चहा लागतो. ते एकदा काही बोलायला गेले तर आई म्हणाली, “नासू दे.”

मी पत्रकं लिहिते. आमची संघटना छोटी आहे, खुर्च्या भाड्याने आणाव्या लागतात, पण पत्रक आमचं चांगलं असतं असं विरोधकही म्हणतात. पत्रकात एकच आरोपी असावा आणि मागणी पहिल्या चार ओळींत यावी, हे मला शिकवलेलं आहे. मावशीच्या बाबतीतही मी पत्रक लिहिलं. त्यात जे मावलं नाही, ते इथे लिहिते आहे.

दिंडोरी रस्त्याला आत वळलं की द्राक्षाची पॅकहाउसं लागतात. आई आणि मावशी दोघी त्यातल्या एका ठिकाणी सीझनला जायच्या. इथून माल युरोपात जातो. पेपरात दर वर्षी फोटो येतो, हार घातलेला कंटेनर आणि त्याच्यासमोर झेंडा धरलेला कुणीतरी पाहुणा. बायका त्या फोटोत नसतात, कारण त्या वेळी त्या आत असतात.

द्राक्ष बागेतून येतं तेव्हा उन्हाने तापलेलं असतं. घड देठाला धरून उचलायचा. मण्याला बोट लावायचं नाही, कारण मण्यावर जी पांढुरकी भुकटी असते ती पुसली गेली की तिथे बोटाचा ठसा उमटतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. कात्रीने खराब मणी काढायचे, डब्यात भरायचं, डबे पेटीत, पेट्या एकावर एक रचून त्यांचा पुरुषभर उंचीचा थर करायचा. त्याला पॅलेट म्हणतात. मग ती पॅलेटं कूलिंगच्या खोलीत. तिथे त्यांच्या दोन रांगा लावतात, मध्ये बोळ सोडतात, वरून आणि पुढून ताडपत्री ओढतात आणि मोठे पंखे चालू करतात. काही तासांत माल शून्याच्या जवळ येतो. तेवढा गार झाला की दाराला लावलेल्या कंटेनरमध्ये भरायचा. कंटेनरचं स्वतःचं थंडीचं यंत्र असतं, ते रस्त्याने न्हावा शेवापर्यंत घुमत राहतं आणि बोटीवर चढल्यावरही घुमतच राहतं. हल्ली बोटी तांबड्या समुद्रातून जायला घाबरतात, सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जातात. म्हणजे द्राक्षाने आणखी कितीतरी दिवस अंधारात, गार, गप्प बसायचं. म्हणून साहेब लोकांची एकच जपमाळ. थंडीची साखळी तुटता कामा नये. खोलीचं दार लागलं की उघडायचं नाही.

खोलीतल्या द्राक्षाच्या मण्यात एक लोखंडी सुई टोचलेली असते. तिची वायर बाहेर येते आणि बाहेरच्या पाटीवर आकडा दिसतो. साहेब त्याला टेंपरेचर म्हणतात. बायका ताप म्हणतात. “मालाचा ताप उतरला का?” “उतरतोय, अजून अंग गरम हाय.” तिथल्या सुपरवायझरचं नाव बायकांनी गारेगार ठेवलं होतं. त्याला ते माहीत होतं. तो चिडायचा नाही, त्यामुळे ते नाव टिकलं.

आणि बांगड्या. परदेशातून तपासणीला माणसं येतात, ती सांगून गेली होती की आत काच नको. टिकली नको, साडीला चमकी नको. मंगळसूत्र अॅप्रनच्या आत. पण काचेची बांगडी मुळीच चालणार नाही, फुटली आणि तुकडा द्राक्षात गेला तर तिकडच्या माणसाच्या पोटात जाईल. “आपल्या पोटात गेला तर?” असं एकीने विचारलं होतं. दुसरी म्हणाली, “आपल्याला कोण देतंय खायला? तू निवांत ऱ्हा.”

तर दारात एक लांब पाइप भिंतीला ठोकला होता आणि त्याला खुंट्या होत्या. सकाळी आत जाताना प्रत्येकीने आपल्या बांगड्या आपल्या खुंटीला अडकवायच्या. हिरव्या, लाल, सोनेरी कड असलेल्या. सवाष्णीचा हात मोकळा राहू नये म्हणून बांगडीच्या जागी मनगटाला सुताचा दोरा बांधायचा, ही युक्ती बायकांनीच काढली. संध्याकाळी निघताना आपल्या बांगड्या काढून हातात चढवायच्या. त्यामुळे पाइपाकडे एक नजर टाकली की कळायचं, आत कोण आहे. हजेरीचं मशीन होतं, पण ते बंद पडायचं. पाइप बंद पडायचा नाही. कूलिंगचं दार लावायच्या आधी गारेगार म्हणायचा, “खुंट्या बघा,” आणि दाराजवळ जी असेल ती ओरडायची, “खुंट्या मोकळ्या.” मग दार.

ही पद्धत कुणी लिहून दिलेली नव्हती. मला ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा फार आवडली होती. मी एका सभेत तिचं उदाहरणसुद्धा दिलं होतं, की बघा, बायका स्वतःची सुरक्षा स्वतः उभी करतात. टाळ्या पडल्या होत्या.

मावशीची खुंटी नव्हती.

मावशीचा नवरा गेला तेव्हा मी कॉलेजात होते. त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी तिला न्हाणीच्या दगडाजवळ बसवलं आणि तिचे दोन्ही हात धरून दगडावर आपटले. काच मनगटात गेली होती. आई पुसत होती आणि त्या बायका रडत होत्या, मनापासून रडत होत्या, ते मला आजही समजत नाही. त्यानंतर तिला कुणी बांगड्या घालू नको असं म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. पॅकहाउसला लागली तेव्हा तिला एक खुंटी मिळाली होती. ती तिने नव्या आलेल्या एका पोरीला देऊन टाकली. “मला काय टांगायचंय तिथं,” असं म्हणाली. बायका हसल्या, तीही हसली.

त्या संध्याकाळी मी तिथे नव्हते. आईने सांगितलेलं आणि मावशीने नंतर तुकड्यातुकड्याने सांगितलेलं जोडून लिहिते.

बोट चुकू नये म्हणून घाई चालली होती. कंटेनर येऊन उभा होता. शेवटच्या खोलीत रांगा लागल्या होत्या, आणि बोळाच्या अगदी टोकाला एका पॅलेटची पट्टी सैल झाली होती. गारेगारने मावशीला सांगितलं, आत जाऊन तेवढी ओढून ये. ती गेली. तेवढ्यात त्याला फोन आला. फोनवर बोलत बोलत त्याने पोरांना ताडपत्री ओढायला सांगितलं. पोरांनी ओढली. बायका पाइपापाशी बांगड्या चढवत होत्या, टेम्पोचा हॉर्न वाजत होता. दाराजवळ आई होती. गारेगार फोनवर हात ठेवून म्हणाला, “खुंट्या?”

आईने पाइपाकडे बघितलं आणि म्हणाली, “मोकळ्या.”

मावशी मोहाडीकडच्या टेम्पोने जायची, आई आडगावच्या. त्यामुळे दोघी सोबत निघायच्या नाहीत. आईला वाटलं, ती गेली पुढे.

मावशी म्हणते, “अक्काचा आवाज आला. मला बरं वाटलं. म्हटलं अक्काच हाय दाराशी, आता उघडंल. मी म्हटलं, अक्का, मी हाय. तवर पंखे लागले.”

तिने हे मला सांगितलं आहे. आईला सांगितलेलं नाही. आई हे वाचेल की नाही, मला माहीत नाही.

दिवा बाहेरून बंद होतो. आतून दार उघडायला एक हिरवा खटका असतो, तो असावा असा नियम आहे. तिथेही होता. त्याच्यासमोर रिकाम्या क्रेटची उतरंड रचलेली होती आणि खटका गंजून बसला होता. मावशी अंधारात ताडपत्री वर करून बाहेर आली, क्रेट पाडले, खटक्यावर दोन्ही तळहात दाबले. मग पुन्हा बोळात गेली, कारण बोळात निदान दोन बाजूंना काहीतरी होतं. ती म्हणते, “तिथं दांडगं गार. पन एकटं नाय वाटलं.”

द्राक्ष तोडल्यावरही श्वास घेतं. हे मला गारेगारनेच एकदा सांगितलं होतं, मी चौकशीला गेले तेव्हा. म्हणून कंटेनरला हवेची खिडकी थोडी उघडी ठेवतात, नाहीतर माल आतल्या आत गुदमरतो. मावशीला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण तिने मला विचारलं, “ती बी श्वास घेत होती का गं? मला वाटत होतं तसं. एवढी सगळी, आन आवाज माझ्या एकटीचा.”

तिने एक पेटी फोडली. पेटीतला कागद, प्लॅस्टिक, जे मिळालं ते अंगाभोवती घेतलं. एक घड तिच्या हातात आला, तो तिने धरून ठेवला. देठाला नाही, मण्यांना. आणि चाचपडताना ती सुई हाताला लागली, वायरची. ती मण्यातून निघाली होती. तिने ती मुठीत धरली, मग काखेत.

बाहेरच्या पाटीवर त्या पॅलेटचा ताप चढायला लागला.

या एका गोष्टीवर माझा आणि तिचा बराच वाद झाला. मी पत्रकात लिहिणार होते की एका कष्टकरी बाईने प्रसंगावधान राखून यंत्रणेला हरवलं. ती म्हणाली, “खोटं लिहू नगं. मला काय बी सुचलं नाय. हाताला आलं ते धरलं. साप असता तर तो बी धरला असता.”

गारेगारने पाटी बघितली. आकडा उतरायचा सोडून चढतोय. त्याने मालकाला फोन केला, मालकाने त्याला झापलं, आणि मग त्या दाराचा नियम मोडला गेला. माणूस आत राहिलं म्हणून मोडला नाही. एका पॅलेटला ताप आला म्हणून मोडला.

दार उघडलं, दिवा लागला, ताडपत्री बाजूला झाली. मावशी बोळात बसलेली होती. गारेगार तिच्याकडे बघत उभा राहिला, आणि मग, हे त्याने स्वतः माझ्यासमोर मान खाली घालून सांगितलं, मग त्याने तिच्या काखेतली सुई काढून घेतली आणि एका मण्यात टोचून आकडा बघितला. “सवयीने झालं,” म्हणाला. माल ठीक होता. पेटी बदलली, पट्टी ओढली, आणि ते पॅलेट बाकीच्यांबरोबर कंटेनरमध्ये गेलं.

तोपर्यंत मावशी बाहेर चालत गेली होती. कंटेनरच्या तोंडाला जे यंत्र असतं, ते आतली गरमी ओढून बाहेर फेकतं. त्या यंत्रासमोर ती जाऊन उभी राहिली, हात पुढे करून. द्राक्षातून निघालेली ऊब तिच्या अंगावर येत होती. ट्रेलरवाला खाली उतरला आणि म्हणाला, “ताई, सरका, निघायचंय.” ती म्हणाली, “आजून थोडं.” तो थांबला. त्या सगळ्या दिवसात थांबलेला तो एकटा माणूस. त्यानेच तिला स्वतःची घोंगडी दिली आणि गारेगारला सांगितलं, साहेब, बाईला दवाखान्यात न्या, नाहीतर मी गाडी हलवत नाही.

बोटांची टोकं काळी पडली होती. ती बरी झाली, दोन नखं गेली. डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं नॉर्मल आहे.

मालक म्हणाला, बाई आत झोपली असेल.

मी पत्रक एका बैठकीत लिहून काढलं. मथळा होता, “आतून दार कुणासाठी बंद?” खटका, क्रेट, बाहेरचा दिवा, फोनवर बोलत दार लावणारा सुपरवायझर आणि त्याला घाई लावणारा मालक. मागण्या खाली ठळक. संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. आई भाकरी थापत होती. मावशी तिच्या पाटावर.

आई म्हणाली, “खुंटीचं नाय लिहिलं.”

“ते नको, आई.”

“का नको? तसंच झालंय ना?”

“झालंय. पण ते लिहिलं की मालक म्हणणार, बघा, यांच्याच बायकांनी सांगितलं की कुणी नाही. बांगड्या बघून माणसं मोजतात, अडाणी बायका. ते लिहिलं की मालक सुटला.”

आई थापत राहिली. मग म्हणाली, “आन नाय लिहिलं तर मी सुटले.”

मावशी मध्येच म्हणाली, “करपली ती.” भाकरी खरंच करपली होती.

मी ते लिहिलं नाही. आजही माझं मत तेच आहे. खटका चालू असता तर खुंटी मोकळी असती तरी चाललं असतं. क्रेट नसते तर चाललं असतं. माणसाचा जीव पाइपाला टांगायची वेळ बायकांवर आली, कारण ज्याचं ते काम होतं त्याने केलं नाही. हे मी कुठेही, कुणासमोरही बोलायला तयार आहे. पण आई मला त्या दिवसानंतर पत्रक वाचून दाखव असं म्हणत नाही.

पत्रक वाटलं, गेटवर दोन वेळा घोषणा झाल्या, पोलीस येऊन चहा पिऊन गेले. नवीन खटका बसला. चकचकीत, अंधारात चमकणारा. मी जिंकल्यासारखी घरी आले आणि मावशीला म्हणाले, “आता दार आतून उघडतं.” ती म्हणाली, “बरं झालं.” मग म्हणाली, “मी निघाले ना पन?”

त्या उन्हाळ्यात तिला त्या पेट्यांचा ध्यास लागला होता. कुठवर गेल्या असतील? मी फोनवर बोटीचा नकाशा काढून दाखवायचे. निळ्या पाण्यात एक बारका बाण. ती चष्मा लावून बघायची. “हालत तर नाय.” “हालते, मावशी. उद्या बघ.” दुसऱ्या दिवशी बाण थोडा खाली आलेला असायचा, आफ्रिकेच्या कडेकडेने. “एवढं पाणी,” ती म्हणायची, “आन त्यांना एक थेंब दिसायचा नाय. आत काळोख.” बोट आफ्रिकेच्या टोकाला वळली त्या दिवशी ती जेवली नाही. बोट पोचली तेव्हा मी तिला सांगितलं, पोचली, रॉटरडॅमला. ती आपल्या बोटांकडे बघायला लागली, नखं गेलेल्या त्या दोन.

“त्या घडाला माझी बोटं लागलीत,” ती म्हणाली. “ती पुसली जात नसत्यात.”

“पेटी बदलली ना, मावशी. तो घड काढून टाकला असेल.”

“तू बघितलंस?”

मी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं.

सीझन पुन्हा आला. आई कामाला जाणार म्हटल्यावर मी भांडले. ती म्हणाली, “मग काय करू, घोषणा देऊ?” जायच्या आदल्या दिवशी ती मला घेऊन दहीपुलाकडे गेली, एका कासाराच्या दुकानात. कासारीण ओळखीची. आईने हात पुढे केला नाही.

“माप?” कासारीण म्हणाली.

“माझ्यापेक्षा थोडं बारीक.”

“हात आणा की माणसाचा. मापावर घालायच्या म्हणजे चपला हायेत का?”

“येत नाय ती.”

“कुणाला?”

“बहिणीला.”

“काय सण हाय?”

“सण नाय.” आई म्हणाली. “हिरव्या द्या.”

कासारीण मावशीला ओळखत होती. मावशीचा नवरा गेल्याचंही तिला ठाऊक होतं. तिचे डोळे क्षणभर वर आले आणि परत खोक्यात गेले. तिने अर्धा डझन काढल्या, कागदात गुंडाळल्या आणि रिवाजाप्रमाणे एक जास्तीची ठेवली. तिने काही विचारलं असतं तर आईने काय सांगितलं असतं, मला माहीत नाही. मलाही आईने काही सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, ती मावशीला घरी बांगड्या भरणार. मी मनातल्या मनात त्यावर एक लेखही लिहायला घेतला होता.

पण तिने त्या घरी आणल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पॅकहाउसला गेली आणि पाइपाच्या टोकाला, जिथे कुणाची खुंटी नव्हती तिथे, एक खिळा ठोकून घेतला आणि त्याला त्या अडकवल्या.

संध्याकाळी गारेगार म्हणाला, “खुंट्या?”

“मोकळ्या नाय,” आई म्हणाली.

त्याने बघितलं. “या कुणाच्या?”

“आत हाय तिच्या.”

“आत कोण आहे?”

“बघून या.”

तो गेला. ताडपत्री वर केली, बोळात शेवटपर्यंत चालत गेला, आवाज दिला, परत आला. आत कुणी नव्हतं. दार लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो आईला म्हणाला, “अहो, तुम्हाला माहीत आहे आत कोणी नाही, मला माहीत आहे.” आई म्हणाली, “त्या दिवशी बी मला माहीत व्हतं.”

एकदा त्याने त्या बांगड्या काढून टेबलाच्या खणात टाकल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका टेम्पोत जाऊन बसल्या, आणि पाइपावर प्रत्येक खुंटीला एकेक बांगडी तशीच राहिलेली होती. कुणी कुणाला सांगितलं, हे आईही सांगू शकत नाही. गारेगार पाइपाकडे बघत उभा राहिला. मग त्याने खण उघडला आणि त्या हिरव्या बांगड्या पुन्हा टोकाला लावल्या. बायका उतरल्या, आपापली बांगडी घेतली आणि परत चढल्या. एकजण त्याला म्हणाली, “साहेब, आत जाऊन या की. थंडी वाजती का?”

आता तो न विचारता आत जाऊन येतो. आईही त्याच्या मागोमाग जाते. संध्याकाळी खुंटी कधीच मोकळी नसते, त्यामुळे बघितल्याशिवाय दार लागत नाही. एवढंच.

मावशीला हे मी सांगितलं. सांगावं की नाही, यावर फार विचार केला नाही. तिच्या नावाने काहीतरी चाललंय आणि तिलाच माहीत नाही, हे मला पटत नव्हतं. ती तांदूळ निवडत होती.

“कंच्या रंगाच्या?”

“हिरव्या.”

“मला हिरव्या कधी शोभल्या नाय,” ती म्हणाली. “अक्काला ठाऊक हाय. मला लाल लागायच्या.” तिने ताटातला एक खडा उचलून कडेला ठेवला.

“मावशी, तुला नको असतील तर आईला काढायला सांगते. तू आत नाहीस. तुझ्या नावाने तिथे काही असायला नको.”

ती निवडत राहिली. मला वाटलं, तिने ऐकलं नाही. मग म्हणाली, “ऱ्हाऊ दे. बघायला तरी जातील.”

आई त्या दिवशी उशिरा आली, अंगाला गंधकाचा वास घेऊन. पेट्यांत घालतात त्या कागदांचा वास असतो तो, सीझन संपेपर्यंत जात नाही. तिने हातपाय धुतले, गॅस पेटवला. मावशीने पाट ओढला. मी दोघींच्या मध्ये भाकरीचं पीठ घेऊन बसले.

“अक्का,” मावशी म्हणाली, “मी निघाले ना गं भाईर?”

मी नेहमीसारखी म्हणणार होते, निघालीस. पण तिने मला विचारलं नव्हतं. आईने तवा ठेवला. बांगड्या मागे सारल्या. मावशीकडे वळून नीट तोंडाकडे बघत म्हणाली, “आज आत गेले व्हते. बोळाच्या टोकापर्यंत गेले. ताडपत्री उचलून बघितलं. तुझं नाव घेऊन हाक मारली.”

“मग?”

“कुणी नव्हतं.”

मावशीने मान हलवली. भाकऱ्या झाल्या. शेजारची मालिका सुरू झाली आणि संपली. बाहेर हायवेला एक कंटेनर गेला, यंत्र चालू असलेला, त्याचा घुमणारा आवाज आमच्या भिंतीला लागून पुढे मुंबईकडे गेला. त्या रात्री तिने परत विचारलं नाही.

आज संध्याकाळी विचारेल. आई अजून आलेली नाही.